वांग्यांना वास येत नाही

डिसेंबर लागला की पुण्यातल्या आमच्या भाजीवाल्याकडे जळगावची वांगी येतात. पोपटी, पांढरट झाक असलेली, एकेक तान्ह्या बाळाच्या डोक्याएवढं. तो ती सगळ्यांत पुढे मांडतो आणि मी दिसलो की हाक मारतो, सर, तुमच्या गावची आली. यंदाही आली. मी एक उचललं, देठाजवळ नाक नेलं, आणि शेजारच्या बाई पिशवी सावरत हळूच बाजूला झाल्या. त्यांचं बरोबर आहे. भर बाजारात वांगं हुंगणारा माणूस फारसा भरवशाचा वाटत नाही. पण माझा धंदाच हा आहे. नाकातून निघालेली खबर मेंदूत कुठे जाते, तिथे तिचं काय होतं, आणि बाईच्या व पुरुषाच्या मेंदूत ती वेगळी वाचली जाते का, या तीन प्रश्नांवर माझे केस पिकले आहेत. मी ते वांगं परत ठेवलं आणि मेथीची जुडी घेऊन घरी आलो. गेल्या हिवाळ्यापासून आमच्या घरात भरीत झालेलं नाही.

कच्च्या वांग्याला तसा वास नसतोच. तो त्याच्या पोटात दडलेला असतो आणि विस्तवाशिवाय बाहेर येत नाही. विस्तवही गॅसचा नव्हे, कपाशीच्या वाळक्या काड्यांचा. बोंडं वेचून झालेली झाडं उपटून बांधावर रचलेली असतात, त्यांचा जाळ करायचा आणि त्यात वांगी लोटून द्यायची. आधी नुसता धूर येतो. मग साल करपते, त्याचा कडवट वास. मग साल फाटून आतलं पाणी निखाऱ्यावर चुरचुरतं आणि एक गोडसर, ओलसर वास वर येतो. तो आला की वांगी काढायची. त्यानंतर हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, वरून हात सैल सोडून तेल, आणि सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. आमच्याकडे हिवाळा थंडीवरून ओळखत नाहीत. कोणाच्या शेतात भरीत आहे, एवढं विचारलं की कळतं.

माझं लहानपण दीपनगरच्या वसाहतीत गेलं. वडील वीज केंद्रात होते. वसाहतीतले सगळे बाप मिळून वर्षातून एकदा मोकळ्या जागेत भरीत करायचे. वांगी भाजायला पुरुष, सोलायला पुरुष, लाकडी भांड्यात घालून ठेचायलाही पुरुष. एरवी पाण्याचा पेला हाताने न घेणारी माणसं त्या दिवशी बाह्या सरसावून राबायची आणि त्याचं कौतुक पुढच्या डिसेंबरपर्यंत पुरवायची. बायका सतरंजीवर बसून हसायच्या. माझी आई मात्र बसल्या जागेवरून सांगायची, पलटा आता, एका अंगाने जळतंय. जाळ तिच्यापासून बराच लांब असायचा. ती धुळ्याकडची, तोंडाने तिखट, आणि नाकाने त्याहून. शाळेतून आलो की दप्तर ठेवायच्या आत तिला कळायचं की मी वाटेत बोरं खाल्ली आहेत. खोटं बोलायची सोयच नव्हती.

पुढे मी मेंदूविज्ञानाकडे वळलो तेव्हा घरात कोणाला काही कळलं नाही. आधीची बरीच वर्षं उंदरांत गेली. नर उंदीर, मादी उंदीर, त्यांच्या नाकामागचा तो वाटाण्याहून लहान भाग, त्यातल्या पेशी. नातेवाईक विचारायचे, एवढं शिकून उंदीरच हुंगायचे होते का. नंतर माणसांवर काम सुरू केलं तर प्रकरण आणखी बिघडलं. हा बायकांच्या नाकावर अभ्यास करतो, असं एका मामांनी भर लग्नात जाहीर केलं आणि पंगतीतल्या पोरी तोंडाला पदर लावून हसल्या. तेव्हापासून आमच्या भागात माझं नाव नाकाचे डॉक्टर. कोणाचीही सर्दी झाली की मला फोन.

त्या कामातला एक किस्सा मी अजूनही रंगवून सांगतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत आम्ही लवंग, संत्र्याची साल, धूर अशा वासांच्या कुप्या घेऊन हिंडत होतो. मी स्वतः तयार केलेला पहिला प्रश्न होता, तुम्हाला वास येतो का. पहिल्याच घरातल्या म्हाताऱ्या आजींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "आम्ही रोज आंग धोतस, साहेब." रोज अंघोळ करतो, एवढंच त्यांचं म्हणणं. चूक त्यांची नव्हतीच. ज्याच्या अंगाला वास आहे त्यालाही वास येतो आणि ज्याच्या नाकाला तो कळतो त्यालाही वास येतो. आपल्या भाषेत दोघांना एकच वाक्य. त्या दिवसापासून आम्ही विचारू लागलो, या कुपीतला वास तुम्हाला कळतो का. नव्या विद्यार्थ्याला मी पहिल्या आठवड्यातच हे शिकवतो, आणि ते हसले की मला बरं वाटतं.

काही वर्षांपूर्वी एका स्थानिक वर्तमानपत्राचा वार्ताहर मुलाखतीला आला. मी त्याला जे खरं ते सांगितलं. वास ओळखायच्या काही चाचण्यांमध्ये बायका सरासरीने थोड्या पुढे असतात, फरक लहान आहे, पुष्कळ पुरुष पुष्कळ बायकांच्या पुढे असतात, आणि हे का होतं यावर आमच्यातच भांडणं आहेत. त्याने मान डोलावत सगळं टिपून घेतलं. छापून आलं ते असं, की बायकांचं नाक पुरुषांपेक्षा तिखट, जळगावच्या सुपुत्राने केलं सिद्ध. मी खुलासा पाठवायला हवा होता. पण फोटोत मी बरा दिसत होतो, भाषणांची बोलावणी येऊ लागली होती, आणि सुपुत्र हा शब्द मला आवडला होता. आईने ते कात्रण प्लॅस्टिकमध्ये घालून जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या घराच्या भिंतीवर, फ्रीजच्या वर लावलं. वडील जाऊन तेव्हा बराच काळ झाला होता. ती त्या घरात एकटी राहायची आणि एकटी राहायला तिला आवडायचं.

गल्लीतल्या बायकांना तर जिवंत पुरावाच सापडला. काकूंचं नाक म्हणजे नाक. तूप खवट झालंय का, लोणचं उतरलंय का, दूध फाटेल का, भांडं घेऊन त्या आईकडे यायच्या. आई भांडं नाकाशी न्यायची, डोळे अर्धे मिटायची आणि निकाल द्यायची. सुट्टीत गेलो की मी ते खाटेवर पडून बघायचो आणि मनात म्हणायचो, माझं संशोधन इथे ओट्यावर चालू आहे. मला त्याची गंमत वाटायची.

मग तिला एक लांबलेलं तापाचं आजारपण आलं. आठवडाभर ती पडून होती. बरी झाली, चालू-बोलू लागली, आणि त्या हिवाळ्यात एकदा फोनवर म्हणाली, "वांगासले आते वास येत नही, भाऊ." आमच्याकडे आया मुलांना भाऊ म्हणतात. मी प्रयोगशाळेतून बाहेर येऊन व्हरांड्यात उभा राहिलो आणि तिला मोठं व्याख्यान दिलं. संकरित बियाणं, रासायनिक खतं, पोत्यांत दाबून आणलेला माल, वास राहील कसा. तिने ऐकून घेतलं. मग मी रावेरला अक्काला फोन केला. अक्का माझी मोठी बहीण, तिचं सासर केळीवाल्यांचं. तिला म्हटलं, गावठी बियाण्याची वांगी शोध आणि आईला पाठव. तिने पाठवली. आई म्हणाली, यांनाही नाही. मी म्हणालो, गॅसवर भाजतेस म्हणून. अक्काने जळगावला निघालेल्या केळ्यांच्या ट्रकवर कपाशीच्या काड्यांचा भारा टाकून पाठवला. ड्रायव्हरने तो पिंप्राळ्यात रिक्षात घालून घरापर्यंत आणून दिला. त्यावर भाजूनही वास नाही. पुढे मसाल्याला वास येईना, तेव्हा तो कुटून देणाऱ्या डंकवाल्याला मी दोष दिला. तुपाला येईना, तेव्हा डेअरीला. सगळ्या खान्देशात मी गुन्हेगार शोधत हिंडलो. ज्या वाक्याचे दोन अर्थ होतात म्हणून मी पोरांना हसवत होतो, तेच वाक्य माझी आई दोन हिवाळे मला ऐकवत होती.

गेल्या डिसेंबरात मला जळगावला एका महाविद्यालयात बोलायचं होतं. विषय त्यांनीच ठरवला होता, स्त्रीचं नाक आणि पुरुषाचं नाक. मी सकाळी पिंप्राळ्याला पोचलो. दार उघडंच होतं. उंबऱ्यावर पाय ठेवला आणि गॅसचा वास इतका अंगावर आला की मी मागे सरलो. आत स्वयंपाकघरात आई भिंतीला टेकून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसली होती. शेगडीवर दूध उतू जाऊन सगळीकडे पसरलं होतं, जाळ विझला होता, आणि चावी उघडी होती. मला पाहून तिचा चेहरा उजळला. ये भाऊ, चहा टाकते, म्हणत ती उठली आणि तिने लायटर उचलला.

मी तिचं मनगट धरलं. इतक्या जोरात धरलं की नंतर संध्याकाळपर्यंत तिथे माझ्या बोटांचे वळ होते. लायटर काढून घेतला, चावी बंद केली, सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या आणि तिला ओढतच बाहेर ओट्यावर आणलं. ती चिडली. काय झालं, असं काय करतोस म्हणाली. मी विचारलं, आई, एवढा वास भरलाय घरात, तुला आला नाही? कसला वास, असं तिने विचारलं, आणि विचारतानाच माझ्या तोंडाकडे बघून तिला कळलं. तिने पदराने हात पुसले, ते कोरडेच होते. मग म्हणाली, "वांगासले वास शे, भाऊ. माले येत नही."

कधीपासून, असं मी विचारलं. त्या तापापासून, ती म्हणाली. तेव्हा मला वांगी आठवली, काड्यांचा भारा आठवला, डंकवाला आठवला. मी विचारलं, मग सरळ का नाही सांगितलंस. समोरून ओळखीच्या बाई स्कूटरवरून गेल्या, त्यांना तिने हात केला. मग मान न वळवता म्हणाली, "बठ्ठी गल्ली सांगस, बायासनं नाक तिखट ऱ्हास, काकूना आंडोरनी सिद्ध करेल शे. मनंच नाक गय आसं सांगं, ते तुनं खोटं पडतं."

बठ्ठी म्हणजे सगळी, आंडोर म्हणजे मुलगा. म्हणजे मी. माझं खोटं पडू नये म्हणून ती दोन वर्षं तुपाची भांडी नाकाशी नेत होती. नंतर हळूहळू तिने सांगितलं की हे कसं जमवायची. तूप बोटांत चोळून बघायची. दुधाच्या कडेला डोळा लावायची. आणि निकाल देण्याआधी समोरच्या बाईला विचारायची, तुला काय वाटतं. त्या बाईला जे वाटायचं तेच आईचं नाक सांगायचं. हे सांगताना तिला थोडं हसू आलं. मला आलं नाही. मी तिचं मनगट चोळत बसलो होतो आणि त्या कात्रणातल्या फोटोला मनात शिव्या देत होतो.

आणि तरी संध्याकाळी मी भाषण केलं. आई पहिल्या रांगेत शाल पांघरून बसली होती. सरासरी हा शब्द मी प्रत्येक भाषणात उच्चारतो, त्या दिवशीही उच्चारला, नेहमीच्या घाईने, लगेच पुढच्या विनोदावर जाण्यासाठी. टाळ्या पडल्या. एका प्राध्यापकांनी आईला उभं राहायला सांगितलं आणि या माउलीचंच नाक या संशोधनाच्या मागे आहे असं काहीतरी म्हणाले. ती उभी राहिली, नमस्कार केला आणि बसली. मी मंचावरून तिच्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी अक्का रावेरहून आली. तिला मी सगळं सांगितलं. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं असं मी म्हणणार नाही, उघडी चावी मी डोळ्यांनी पाहिली होती. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासलं. त्या तापात वासाची नस गेली, या वयात परत येणं अवघड, असं ते म्हणाले. कधीकधी वास जाण्यामागे मोठं दुखणं असतं, तसं आईत काही निघालं नाही. अक्का म्हणाली, मी हिला रावेरला नेते. आई म्हणाली, विजेची शेगडी आणून द्या, गॅस काढून टाका, पण मला माझ्या घरात राहू द्या. तिचं म्हणणं काही अवाजवी नव्हतं. शेगडी आणता आली असती, गॅस ओळखून वाजणारं यंत्रही बसवता आलं असतं, आणि हे मला अक्कापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पण दोघी माझ्याकडे बघत होत्या आणि नाकाच्या बाबतीत आमच्या घरात शेवटचा शब्द माझा. मी म्हणालो, अक्का म्हणते ते बरोबर आहे. मला पुण्याला परतायचं होतं आणि निर्धास्त परतायचं होतं. आईने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लुगडी काढायला कपाट उघडलं. निघताना गल्लीतल्या बायका जमल्या. आता आमचं तूप कोण बघणार, असं त्या म्हणत होत्या. आईने त्यांना सांगितलं की लेकीकडे काम आहे म्हणून जाते. पिंप्राळ्याच्या घराला तेव्हापासून कुलूप आहे.

यंदा बाजारातून मेथी घेऊन आलो त्या रात्री जेवण गेलं नाही. त्याच आठवड्यात मी रावेरला गेलो. रावेरच्या वाटेला लागलं की केळीच शेतात, केळीच ट्रॉलीवर, केळीच ट्रकमध्ये. अक्काच्या अंगणात माल भरायची गडबड चालू होती. आई एका बाजूला उन्हात खाटेवर बसली होती. तिची तब्येत चांगली आहे. अक्का तिला काही कमी पडू देत नाही, फक्त चुलीजवळ जाऊ देत नाही. आई उठली की आतून आवाज येतो, आई, तू बस. ती बसते. पूर्वी तिला कोणी बस म्हटलेलं मला आठवत नाही.

मी आलो म्हणून अक्काने मागच्या अंगणात काड्यांचा जाळ करून वांगी लावली होती. मी आईशेजारी बसलो. थोड्या वेळाने धूर आला, मग करपल्या सालीचा वास, मग तो ओलसर गोडवा. आई माझ्या नाकपुड्यांकडे बघत होती. आला का, तिने विचारलं. मी मान हलवली. कसा आहे, तिने विचारलं. वासावर मी आजवर पुष्कळ लिहिलं आहे. दीपनगरसारखा आहे, एवढंच म्हणालो. तिने समजल्यासारखी मान डोलावली, मग विचारलं की अजून भाषणं होतात का, लोक अजून बोलावतात का. माझं नाव निघून इथल्या बायकांनी हुंगायला भांडं पुढे केलं की त्यांना ती आपल्याला सर्दी झाली आहे असं सांगते, हेही तिने सांगून टाकलं. वर्षभर तिची सर्दी चालू होती.

तेव्हा मी तिला समजावायला बसलो. समोर केळीच्या घडांचे दोन ढीग होते, एक नदीकडच्या शेतातला, एक वरच्या शेतातला. मी विचारलं, कोणत्या शेतातला माल भारी? नदीकडचा, ती लगेच म्हणाली. मी म्हणालो, समज त्या ढिगात एक घड अगदी हलका निघाला, तर नदीकडचा माल भारी हे खोटं ठरेल का? तिने माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. एका घडाने काय होतं, म्हणाली. मी म्हणालो, बायकांच्या नाकाचं तसंच आहे. ते सगळ्या ढिगाचं आहे, एकेका घडाचं नाही. कोणा एकीचं नाक गेलं, मुळातच नसलं, तरी त्याला धक्का लागत नाही.

पोरं घड उचलून ट्रकवर चढवत होती. आईने माझं बोलणं मनात दोनदा तरी उलटून-पालटून पाहिलं असावं, कारण बोलली तेव्हा एकेक शब्द सावकाश आला.

"म्हंजे मनं नाक गय, तरी तुनं खरंच ऱ्हातं?"

हो, मी म्हणालो.

"मंग हाई तू माले आधी काब्र सांगं नही?"

ती रागावली नव्हती. मी आधी का सांगितलं नाही, हे तिला खरंच कळत नव्हतं. मागून अक्का भरताची परात घेऊन आली आणि खाटेवर आमच्या दोघांच्या मध्ये ठेवून पुऱ्या आणायला गेली. आईने परातीला हात लावला नाही. ती माझ्याकडे बघत होती, उत्तराची वाट बघत होती.